एकाच शब्दाचे दोन नांगर: बेटावरच्या उद्यानात आपल्या होडीने मुक्काम करताना

मराठीत शेत उकरतो तोही नांगर आणि होडी थोपवतो तोही नांगरच. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नका. होडीचा नांगर नेमकं काय काम करतो, ते या एका शब्दात आलंय.

बहुतेकांची समजूत अशी असते की नांगर म्हणजे जड वजन. ते पाण्यात सोडलं की होडी जागेवर राहते. आता हिशोब बघा. दहा मीटर लांबीची शिडाची होडी पाच-सहा टनांची असते आणि तिचा नांगर असतो पंधरा-वीस किलोचा. वीस किलो लोखंड पाच टनांना कसं आवरणार? ते आवरतच नाही. आवरते ती तळाची जमीन. नांगराचं टोक वाळूत किंवा चिखलात घुसतं आणि होडी वाऱ्याने मागे ओढली जाते, तसतसा तो आणखी खोल रुततो. १९३३ च्या सुमारास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इनग्राम टेलर यांनी होड्यांसाठी नवा नांगर बनवला, तेव्हा त्याला आकार दिला तो थेट शेतातल्या नांगराच्या फाळाचा. 'सीक्यूआर' नावाचा तो नांगर आजही अनेक होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दिसतो.

म्हणजे तुम्ही बेटाशेजारी मुक्काम करता, तेव्हा समुद्राचा तळ नांगरता. आणि बेट राखीव उद्यान असेल तर तळही बहुधा राखीवच असतो, कोणी नांगरू नये म्हणून. खासगी होडीने अशा जागी जाण्याचे सगळे नियम, परवाने, रंगीबेरंगी बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, ज्यांना कधी होडीही बांधतात) आणि 'इथे नको' म्हणणाऱ्या पाट्या या एका पेचातून निघाल्या आहेत. पेच समजला की नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

ओढ आडवी हवी

शेतातला नांगर बैल पुढून ओढतात म्हणून फाळ जमिनीत राहतो. तोच वरून उचलला की सुटून येतो. पाण्याखालीही तेच. ओढ जमिनीला समांतर असेल तोवर नांगर रुततो. ओढीचा कोन वर चढला की तो उपटला जातो. म्हणून नांगराइतकंच महत्त्व साखळीला. साखळी जितकी जास्त सोडाल तितका कोन आडवा. खोलीच्या तिप्पट साखळी सोडली आणि ती ताणून सरळ झाली, तर तळाशी कोन होतो साधारण १९ अंशांचा. पाचपट सोडली तर साडेअकरा, सातपट सोडली तर ८ अंश. तिप्पट म्हणजे जेवणापुरता थांबा, तोही कोणीतरी होडीवर जागं असताना. रात्रीच्या मुक्कामाला पूर्ण साखळी असेल तर निदान पाचपट, आणि दोर जास्त व साखळी थोडी असेल तर सातपट, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पण पाचपट कशाच्या? नवखा माणूस चुकतो तो इथे. खोली म्हणजे यंत्रावर आत्ता दिसणारा आकडा नव्हे. समजा तुम्ही दुपारी पोचलात तेव्हा ओहोटी संपत आलेली आहे आणि पाणी आहे ४ मीटर. रात्री भरतीला ते ३ मीटर चढणार. शिवाय नाळेवर साखळी जिथून सुटते ती जागा पाण्यापासून १ मीटर उंच. हिशोबाची खोली झाली ८ मीटर आणि साखळी लागेल ४०. चार मीटर वाचून वीस मीटर सोडणाऱ्याकडे मध्यरात्री अडीचपटच उरते, आणि वारा वाढला तर नांगर फरफटायला लागतो. तोही नेमका सगळे झोपलेले असताना. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक मोठा असतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला कमी. त्यामुळे मागच्या आठवड्यात पुरलेली साखळी या आठवड्यात पुरेल असं धरून चालू नये. उलटी चूकही होते. भरतीला पोचून छान खोल पाणी बघून नांगर टाकायचा आणि पहाटे होडी वाळूवर कलंडलेली बघायची.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा (ताशी १० सागरी मैलांचा) वारा २० नॉट झाला तर होडीवरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ३० नॉटला नऊपट. शांत संध्याकाळी 'धरलाय की नांगर' असं वाटतं, त्याला काही अर्थ नसतो. शांत हवेत साखळीच्या नुसत्या वजनावरही होडी उभी राहते. १० मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास असतं. चाळीस मीटर म्हणजे नव्वदेक किलो लोखंड तळावर पसरलेलं. नांगर आडवा पडून नुसताच लोळत असला तरी वारा येईपर्यंत कळत नाही.

म्हणून नांगर टाकून भागत नाही, तो रुजवावा लागतो. वाऱ्याच्या तोंडावर होडी नेऊन थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंत हलकेच सोडायचा, मग होडी मागे जाईल तशी साखळी सोडत राहायचं. एकदम ढीग ओतला तर साखळी नांगरावरच गुंतते. ठरलेली लांबी सुटली की साखळी अडकवून इंजिन मागच्या गिअरमध्ये टाकायचं. आधी हळू, मग जोर वाढवत. हे चालू असताना किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धराव्यात, पुढचा खडक आणि मागचं झाड अशा. रेषा मोडली नाही तर नांगराने धरलं. पाणी नितळ असेल तर चष्मा लावून पाण्यात उतरून बघणं सगळ्यांत उत्तम. मोबाइलवरचा गजर, होडी ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा, चांगलाच आहे. पण तो नांगर फरफटल्यावर वाजतो, आधी नाही. आणि साखळीला लवचिकपणा नसतो. त्यामुळे नाळेजवळ नायलॉनचा एक दोर साखळीला अडकवून ताण त्याच्यावर घ्यावा. तो लांबतो आणि हिसके पचवतो. त्याशिवाय रात्रभर साखळीची खडखड उशाशी येते ती वेगळीच.

मैदानाएवढी जागा

वरच्याच उदाहरणात ४० मीटर साखळी आणि दहा मीटरची होडी धरली, तर वारा फिरेल तशी होडी ज्या वर्तुळात फिरते त्याची त्रिज्या भरते जवळपास ५० मीटर. हे क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाहून थोडं मोठंच. एका होडीला एक मैदान! बेटावरच्या छोट्या खाडीत चार होड्या थांबल्या की ती का भरते आणि पाचवीला लोक का नाराजीने बघतात, याचं उत्तर इथे मिळतं.

सगळ्या होड्या एकाच वेळी एकाच दिशेला फिरल्या तर वर्तुळं एकमेकांवर चढली तरी चालतं. पण तसं होईलच असं नाही. खोल कणा असलेली शिडाची होडी प्रवाहाचं ऐकते, उंच केबिनची उथळ मोटरबोट वाऱ्याचं. साखळीवरची होडी थोडी फिरते, दोरावरची भरपूर. आधी आलेल्याचा हक्क पहिला, ही जगभरची रीत आहे. नंतर येणाऱ्याने जागा बदलायची, आणि शेजाऱ्याला हाक मारून 'किती सोडलीय?' विचारण्यात कमीपणा नाही. कुठल्याही मुक्कामाच्या जागी सगळ्यांत उपयोगाचं वाक्य तेच आहे.

बेट म्हणजे भिंत नव्हे

नकाशात बघून वाटतं की वारा वायव्येचा आहे ना, मग बेटाच्या आग्नेयेला जाऊन बसू. अंदाज बरोबर, पण अर्धाच. वारा डोंगरावर आदळून थांबत नाही. तो वर चढतो आणि पलीकडच्या उतारावरून झोतांनी खाली कोसळतो. दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून तर तो चिमटीतून सुटल्यासारखा जोरात येतो. उघड्या समुद्रावर १५ नॉट वारा असताना उंच बेटाच्या आडोशाला पाच मिनिटं शांतता आणि मग एकदम जबरदस्त झोत, असं होऊ शकतं. उंच कड्याखालच्या खाडीपेक्षा सखल, सपाट जमिनीमागची खाडी कधीकधी जास्त स्वस्थ असते. तिथे वारा येतो, पण एकसारखा येतो.

लाटांचं वागणं आणखी चमत्कारिक. दूरच्या वादळातून आलेली लांब, संथ लाट, जिला स्वेल म्हणतात, उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो. लाटेचं एक टोक उथळ पाण्यात आणि दुसरं खोल पाण्यात असेल तर खोलातलं टोक पुढे पळतं आणि सगळी लाट किनाऱ्याकडे वळते. बेटाच्या दोन्ही टोकांशी हे होतं, आणि लाटा वळसा घालून बरोबर आडोशाच्या बाजूला येऊन भेटतात. म्हणजे वारा समोरून, लाट बाजूने. होडी तोंड करते वाऱ्याकडे, लाट तिला कुशीवर घेते आणि ती रात्रभर डावी-उजवी डोलते. कपातला चहा कपात राहत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण मागूनही एक नांगर टाकतात आणि होडीचं तोंड लाटेकडे बांधून ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या चॅनेल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानातल्या सांता क्रूझ बेटाच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये ही पद्धत सर्रास दिसते. तिथे जागाच इतकी कमी की गोल फिरण्याची चैन परवडत नाही. पण दोन नांगरांवर बांधलेली होडी वाऱ्याप्रमाणे वळू शकत नाही. वारा बाजूने आला तर तिची सबंध कूस त्याच्यासमोर उघडी पडते आणि नांगरांवरचा ताण एकदम वाढतो. शिवाय बाकीच्या होड्या फिरत असताना एकटी तुमची जखडलेली असेल तर टक्कर ठरलेली. म्हणून खाडीत शिरल्यावर आधी बाकीच्यांनी काय केलंय ते बघायचं.

दिवसाचा वारा समुद्रावरून जमिनीकडे आणि रात्रीचा जमिनीवरून समुद्राकडे, हा खेळ मोठ्या बेटांजवळ आणि मुख्य भूमीला लागून असलेल्या बेटांवर चालतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे हवामान पालटून सगळा वारा उलटा होणं. मग ज्या किनाऱ्याने आडोसा दिला तोच मागच्या बाजूला खडक घेऊन उभा राहतो. अशा वेळी अंधारात बाहेर पडावं लागतं. तेव्हा आत शिरताना जीपीएसवर उमटलेली वाट जपून ठेवणं आणि बाहेर पडायची दिशा उजेडातच कागदावर लिहून ठेवणं ही मुरलेल्या नावाड्याची सवय. त्याने ती वाट बहुतेकदा वापरलेली नसते, तरी लिहिलेली असते.

खाली काय आहे?

सागरी नकाशावर खोलीच्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरं असतात. इंग्रजी नकाशात एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक, डब्ल्यूडी म्हणजे समुद्री झाडोरा, सीओ म्हणजे प्रवाळ. नुसत्या खोलीपेक्षा ही अक्षरं जास्त सांगतात. वाळू आणि घट्ट चिखल नांगराचे मित्र. खडकात नांगर एक तर पकड घेत नाही किंवा फटीत असा अडकतो की दोर कापून यावं लागतं. आणि झाडोरा फसवा: फाळ पानांवरून घसरतो, नाही तर मुळांचा गड्डा तोंडात धरून तसाच फरफटत राहतो.

तो झाडोरा म्हणजे नेहमी शेवाळ नव्हे. समुद्री गवत ही फुलं येणारी, मुळं असलेली खरीखुरी वनस्पती आहे. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया नावाचं गवत तळावर कुरणं तयार करतं, पण त्याचं आडवं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतं. एका नांगराने पाच मिनिटांत ओढलेली सरी भरून यायला त्याला किती वर्षं लागत असतील, ते वाचकानेच मोजावं. नांगर तरी एकदा रुततो; जास्त नुकसान कधीकधी साखळीच करते, कारण होडी फिरेल तशी ती तळावर झाडूसारखी फिरते. म्हणून स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये फर्मान काढून पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी केली. फ्रान्सने त्यानंतर भूमध्य किनाऱ्यावर २४ मीटर आणि त्याहून लांब नौकांना या कुरणांपासून दूर ठेवणारे नियम आणले. बालेआरिकमधल्या काब्रेरा बेटावर, जे १९९१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, खासगी होडीने मुक्काम करायचा तर आधी परवाना काढून नेमून दिलेल्या बोयालाच बांधायचं. स्वतःचा नांगर टाकायचाच नाही.

डोळ्यांनी तळ ओळखता येतो, पण सूर्य डोक्यावर हवा. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, पोलराइज्ड चष्मा लावून, नाळेवर उभं राहून बघितलं तर वाळू फिकट पिवळसर किंवा फिकट फिरोजी दिसते. गवत, खडक आणि प्रवाळ गडद. मावळतीकडे तोंड करून शिरलात तर पाण्याचा नुसता आरसा होतो. फिकट तुकड्यावर नांगर सोडायचा, आणि साखळी ज्या वर्तुळात फिरेल तेही फिकटच आहे ना, ते बघायचं. हे दुसरं पाऊल लोक विसरतात.

इथे एक गंमत लक्षात घ्या. तळ वाचवायला उद्यान सांगतं, वाळूत टाका. होडी वाचवायला जुना तांडेलही तेच सांगेल. उद्यानाचा नियम आणि चांगली झोप बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बोट ठेवतात. फ्लोरिडातलं ड्राय टॉर्टुगास राष्ट्रीय उद्यान बघा. की वेस्टपासून सुमारे ११० किलोमीटर पश्चिमेला समुद्रात असलेली ही बेटं. खासगी होडीला परवाना घ्यावा लागतो. रात्रीचा नांगर फक्त वाळूच्या तळावर आणि गार्डन कीच्या दीपगृहापासून एका सागरी मैलाच्या आत. २००७ पासून उद्यानाचा एक मोठा भाग संशोधनासाठी राखीव आहे, तिथे नांगर अजिबात नाही; थांबायचं तर बोयाला. आणि तिथे इंधन नाही, गोडं पाणी नाही, दुकान नाही. बेटावरच्या उद्यानांचं हे सार्वत्रिक लक्षण. जे लागेल ते घेऊन जायचं, आणि जे उरेल ते, कचऱ्यासकट, घेऊन यायचं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर काही ठिकाणी पिरॅमिडच्या आकाराचे पांढरे बोये तरंगताना दिसतात. नवख्याला वाटतं, बांधायला दिलेत. ते बांधायचे नाहीतच. ती कुंपणाची खूण: या रेषेच्या आत, प्रवाळाच्या बाजूला, नांगर टाकू नका.

बोया दिसला म्हणजे झालं असं नाही

प्रवाळावर नांगर नको, तर लोकांनी थांबायचं कसं? १९८१ मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोच्या संरक्षित सागरी क्षेत्रात जॉन हॅलस यांनी मृत प्रवाळाच्या खडकात भोक पाडून त्यात स्टीलचा आकडा सिमेंटने बसवला, त्याला तरंगता दोर आणि वर बोया बांधला. एकदा भोक पाडायचं, मग हजारो नांगर वाचतात. ही पद्धत पुढे जगभरच्या प्रवाळ क्षेत्रांत पसरली.

सगळे बोये इतके सभ्य नसतात. जुनी पद्धत म्हणजे तळावर काँक्रीटचा ठोकळा आणि त्याला जड साखळी. ही साखळी रोज गोल फिरून गवत घासून काढते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटाच्या उपसागरांत अशी गोल टकलं पडल्याचं शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच नोंदवलं. नव्या बोयांना जमिनीत पिळून बसवलेला स्क्रू आणि साखळीऐवजी ताणला जाणारा दोर असतो, त्यामुळे तळाला काहीच घासत नाही.

बांधण्याआधी बोयावर लिहिलेलं वाचा: होडीची कमाल लांबी, वजन, किती तास. पंधरा मीटरच्या होडीने दहा मीटरचा बोया पकडला तर तो उपटून दोघंही वाहत जातील. बोयाचा दोर सरळ आपल्या खुंट्याला गुंडाळायचा नाही. आपला दोर त्याच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं होडीवर बांधायची, म्हणजे सोडताना एक टोक सोडलं की झालं. दोर अगदी आखूड ठेवला तर लाटेसरशी नाळ बोयाला वर उचलायला बघते आणि सगळा हिसका खालच्या आकड्यावर जातो. बांधून झाल्यावर इथेही इंजिन हलकेच मागे टाकून बघावं. बोया सरकारी आहे म्हणजे भक्कम आहे, असा माझा तरी विश्वास नाही. शक्य असेल तर चष्मा लावून खालची कडी बघून यावी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर, जे राज्य उद्यान आहे, एका बोयाने भागत नाही. तिथल्या आयाला कोव्हमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह इतका ओढतो की पुढे एक आणि मागे एक अशा दोन बोयांमध्ये होडी बांधतात. १७७५ मध्ये स्पॅनिश नौदलाचे अधिकारी हुआन मानुएल दे आयाला 'सान कार्लोस' जहाज घेऊन या बेटाशी नांगर टाकून थांबले होते. कोव्हला नाव त्यांचं. बोये अर्थात नव्हते, आणि प्रवाह होताच.

किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी

पाणी एकाचं, तळ दुसऱ्याचा आणि जमीन तिसऱ्याची, असं बेटांवर सर्रास असतं. वर आलेल्या सांता क्रूझ बेटाचा साधारण ७६ टक्के पश्चिम भाग 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या मालकीचा आहे. तिथे उतरायला त्यांची वेगळी परवानगी लागते, तर पूर्वेचा भाग राष्ट्रीय उद्यानाचा. खाडीत नांगर टाकायची मुभा आहे म्हणून काठावर उतरायची मुभा आहे असं नाही. त्याच उद्यानातल्या सान मिगेल बेटावर पूर्वी लष्कराचा बॉम्बफेकीचा सराव चाले. न फुटलेला दारूगोळा आजही असू शकतो, म्हणून तिथे परवानगीशिवाय आणि वाटा सोडून फिरता येत नाही. तेव्हा निघण्याआधी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. थांबायला कोणाची परवानगी, उतरायला कोणाची, आणि रात्री राहायला कोणाची?

डिंगीतून, म्हणजे होडीसोबतच्या छोट्या नावेतून, उतरणं हे वेगळंच प्रकरण आहे. समुद्राच्या बाजूने बघितलं तर फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते आणि ती असते त्यापेक्षा लहान वाटते. लाटा तुकडीतुकडीने येतात. काही मिनिटं थांबून मोजाव्यात, मोठ्या गेल्या की वल्हं मारावं. आणि डिंगी भरतीच्या रेषेच्या वर ओढून बांधावी, नाहीतर फिरून येईपर्यंत ती होडीला भेटायला एकटीच निघालेली असते.

कुत्री-मांजरं बहुतेक बेट-उद्यानांत उतरवू देत नाहीत आणि त्यावरून वाद घालणारे नेहमी भेटतात. त्यांनी लॉर्ड हाऊ बेटाची हकीकत ऐकावी. १९१८ मध्ये 'माकाम्बो' नावाची आगबोट ऑस्ट्रेलियाच्या त्या बेटाशी खडकावर चढली आणि तिच्यावरचे उंदीर किनाऱ्यावर गेले. ज्या पक्ष्यांनी कधी उंदीर पाहिलाच नव्हता, त्यांच्या पाच जाती त्यामुळे जगातून नाहीशा झाल्या. उंदीर संपवण्याची मोठी मोहीम राबवायला २०१९ उजाडलं, म्हणजे तब्बल १०१ वर्षांनी.

एक उंदीर काय करणार, असं वाटत असेल तर न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांचा प्रयोग आहे. त्यांनी मुद्दाम एकच नर उंदीर, गळ्यात रेडिओपट्टा बांधून, एका निर्मनुष्य बेटावर सोडला आणि मग पकडायचा प्रयत्न केला. तो १८ आठवडे सापडला नाही. मध्येच ४०० मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला. शेवटी पेंग्विनच्या मांसाच्या आमिषाला भुलून सापळ्यात आला. म्हणून बेटावर जाण्याआधी पिशव्या उघडून बघा, धान्याचे डबे बघा, बुटांच्या तळव्यातली माती आणि मोज्यांना चिकटलेल्या बिया काढा.

गालापागोसमध्ये तर होडीचा पाण्याखालचा भागही तपासतात. बुडाला शिंपले, शेवाळ चिकटलेलं आढळलं तर होडी पुन्हा खोल समुद्रात पाठवून साफ करून आणायला लावतात. हजारो किलोमीटर पार करून आलेल्या माणसाला ते अर्थातच रुचत नाही.

रात्रीच्या दिव्याची गोष्ट थोडक्यात. नांगरलेल्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा पुढच्या भागात काळा गोळा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा लांबून छान दिसतो, पण अंधारात डिंगीतून येणाऱ्याच्या नजरेला तो ताऱ्यांतलाच एक. म्हणून खालीही एक मंद दिवा असावा. संडासाचं पाणी टाकीत साठवायचं, बंद खाडीत सोडायचं नाही. सकाळी त्याच पाण्यात पोहायला तुम्हीच उतरणार असता.

नांगर उचलताना

निघायच्या सकाळी इंजिनाने हळूहळू पुढे जात साखळी गोळा करायची. होडीला साखळीने ओढायचं नाही. साखळी सरळ उभी झाली की नांगर वर उपटला जातो, संध्याकाळी जो कोन टाळला तोच आता हवा असतो. नांगर पाण्याबाहेर आला की त्याच्या फाळाला काय लागलंय ते बघा. राखाडी चिखल, स्वच्छ वाळू, की हिरव्या पानांचा झुबका? काल नांगर कुठे पडला होता याचं उत्तर तिथे असतं.

तो झुबका तिथेच, त्याच खाडीत धुऊन टाकायचा. तसाच डब्यात घेऊन पुढच्या बेटाला जायचं नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पा नावाच्या परक्या शेवाळाचा छोटा ठिपका आढळला होता. त्याचा तुटलेला तुकडाही नवी वसाहत करतो, आणि ते भूमध्य समुद्रात पसरलं त्यात होड्यांच्या नांगरांचा हात होता. याच कुळातलं दुसरं शेवाळ २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या आओतेआ बेटाजवळ सापडलं, तेव्हा तिथल्या काही उपसागरांत नांगर टाकण्यालाच बंदी घालावी लागली. होडीच्या पुढच्या टोकाला साखळीचा एक ओलसर, अंधारा कप्पा असतो. तिथे असा तुकडा कितीतरी दिवस जिवंत राहू शकतो. बादली आणि ब्रश नाळेवरच ठेवावा, साखळी आत जाण्याआधी हाताशी येईल असा.